पोस्टिंग निश्चित, परीक्षा बाकी

दिल्लीत ओल्ड राजेंद्रनगरच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून ‘ओ साहेब’ अशी हाक मारली, तर दहा-बारा मराठी पोरं तरी मागं वळून बघतील. त्यातला एखादा पुढं खरोखरच साहेब होतो. बाकीच्यांना गावानं आगाऊच करून टाकलेलं असतं. मी सांगतोय ते साहेब या दुसऱ्या प्रकारातले. गाव बीड जिल्ह्यात, वय एकोणतीस, शिक्षण बीई, प्रवर्ग खुला. म्हणजे यूपीएससीचे अटेम्प्ट सहा आणि वयाची अट बत्तीस. चार होऊन गेले. मी करोल बागेत राहतो आणि आमच्याकडे रविवारी पिठलं असतं, एवढाच आमचा ऋणानुबंध.

साहेबांची खोली तिसऱ्या मजल्यावर. एका हॉलची प्लायवूडनं तीन शकलं केलेली, त्यातलं मधलं शकल यांचं. खिडकी आहे, पण ती डक्टमध्ये उघडते. तिथून हवा येत नाही, शेजारच्या मेसमधल्या राजम्याचा वास येतो. पलंग, टेबल, खुर्ची, आणि चार फूट बाय तीन फूट हिरवा सॉफ्ट बोर्ड. घरमालकीण आंटीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘दीवार में कील नहीं ठुकेगी.’ त्यामुळे बोर्ड टेबलावर भिंतीला टेकवून ठेवावा लागला. टेबल गेलं. टेबल गेल्यावर अभ्यास पलंगावर आला, आणि पलंगावर आलेल्या अभ्यासाचं पुढं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

ही व्हिजन बोर्डाची कल्पना साहेबांच्या गुरुग्रामच्या मामेबहिणीची. ताईच्या कंपनीत दर जानेवारीत एचआरची मंडळी सगळ्यांना गोल बसवून कात्री, डिंक आणि जुनी मासिकं वाटतात. जे हवं त्याचं चित्र कापायचं, चिकटवायचं आणि रोज बघायचं. २००६ साली ‘द सीक्रेट’ नावाचा चित्रपट आणि त्याच नावाचं रॉन्डा बर्न यांचं पुस्तक आलं, तेव्हापासून जगभर ही टूम आहे. मनात जे धराल ते विश्व तुमच्याकडे ओढून आणतं, असा एकूण मामला. ताईनं दोन बेडरूमचा फ्लॅट आणि बालीचा समुद्र चिकटवला. फ्लॅट मिळाला, विश्वानं दिला आणि हप्ते बँकेनं लावले. साहेबांनी मात्र ताईची कला पार शास्त्रापर्यंत नेली.

बोर्डाच्या मधोमध मसुरीच्या लालबहादूर शास्त्री अकादमीचं फाटक. हे छापील चित्र नव्हे, साहेब स्वतः जाऊन आले आहेत. बाहेरच्याला आत सोडत नाहीत, पण फाटकासमोर फोटो काढायला मनाई नाही. फोटोत साहेब हसतायत आणि उजव्या कडेला सुरक्षारक्षकाचं कोपर आलंय. ‘ते कापून टाक की,’ मी म्हटलं. ‘राहू द्या काका, पुढं तोच सॅल्यूट मारणार आहे.’

वरच्या कोपऱ्यात पांढरी अ‍ॅम्बेसेडर, टपावर लाल दिवा. १ मे २०१७ पासून हे दिवे बंद झाले आणि अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन तर त्याआधी २०१४ मध्येच थांबलं, हे मी निदर्शनाला आणलं. चालू घडामोडींच्या परीक्षार्थीला हे माहीत नसेल असं नाही. साहेब म्हणाले, ‘दिवे सरकारनं काढले काका, आमच्या आबांनी नाही काढले. आबांच्या डोक्यात कलेक्टर म्हणजे हीच गाडी.’ तरी माझ्या समाधानासाठी त्यांनी लाल दिव्यावर पांढऱ्या कागदाचा टिकला चिकटवला, आणि तो असा बेतानं, की आबा आले तर नखानं निघावा.

खाली महाराष्ट्राचा नकाशा. केडर महाराष्ट्रच मिळणार, यावर चर्चा नाही. पहिलं पोस्टिंग साताऱ्याला की कोल्हापूरला एवढाच प्रश्न अनिर्णित आहे. साताऱ्याची हवा चांगली, पण कोल्हापूरला तांबडा-पांढरा रस्सा. यावर साहेब आणि त्यांचा लातूरचा रूममेट यांच्यात एकदा रात्री दीडपर्यंत वाद झाला, आणि दुसऱ्या दिवशी दोघांचीही टेस्ट सिरीज बुडाली. शेजारी बंगल्याचं चित्र. बंगल्यामागे पेनानं काढलेला एक गोठा, कारण आईनं विचारलं होतं, म्हैस कुठं बांधायची.

मग गुणपत्रिका. ही मात्र घरचीच, संगणकावर बनवलेली. मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५, असे अंतिम गुणवत्तेला एकूण २०२५ गुण धरतात. २०२३ च्या परीक्षेत देशात पहिला आलेल्याला १०९९ मिळाले. साहेबांनी स्वतःला ११०० दिले आहेत. एकच का जास्त? ‘उगाच हाव नको.’ खऱ्या आयुष्यात त्याच २०२३ च्या पूर्वपरीक्षेत खुल्या गटाचा कटऑफ ७५.४१ वर थांबला आणि साहेब ७३.३३ वर. पूर्वपरीक्षेचे गुण आयोग सगळी प्रक्रिया संपल्यावर जाहीर करतो, म्हणजे दोन गुणांनी गेलं हे कळायला जवळपास वर्ष लागलं. ते वर्ष साहेबांनी ‘पेपर आउट ऑफ सिलॅबस होता’ या विधानावर काढलं. ७३.३३ बोर्डावर नाही.

बोर्डावर एक जागा मोकळी आहे. तिथं बारीक अक्षरात ‘योग्य वेळी’ असं लिहिलंय. गावाकडून आई मुलींचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. साहेब उत्तरात लिहितात, ‘निकालानंतर.’ त्यातल्या दोघींची लग्नं झाली, एकीला मुलगा झाला. जागा तशीच, चारी कोपऱ्यांत टाचण्या टोचून राखून ठेवलेली.

सगळ्यात पाहण्यासारखं आहे ते शीर्षक. मोठ्या अक्षरांत ‘आयएएस’ आणि पुढं साल. आधी २०२२ होतं. त्यावर २०२३ चं कार्डशीट चिकटवलं, त्यावर २०२४, त्यावर २०२५. आता २०२६ आहे. इतके थर झाल्यामुळे साल बोर्डापासून चांगलं पाव इंच पुढं आलंय. अंधारात हात लावला तरी वाचता येईल.

या कारखान्याला लागणारा कच्चा माल वर्तमानपत्रातून येतो. रूममेट आणि साहेब मिळून एक ‘हिंदू’ घेतात. निकाल लागला, बदल्या झाल्या, कुठल्या जिल्हाधिकाऱ्यानं तळं खोदलं, की साहेबांची कात्री चालते. रूममेटच्या हाती अंक येतो तो खिडक्या पडलेला, आणि फोटोच्या मागच्या बाजूला हमखास अग्रलेख असतो. रूममेट बार्टी या राज्य सरकारच्या संस्थेच्या स्टायपेंडवर आलेला, गरीब स्वभावाचा. तो अर्धा अग्रलेख अंकात वाचतो आणि उरलेल्या अर्ध्यासाठी बोर्डाची टाचणी काढून कलेक्टर उलटा करतो. नोट्सच्या झेरॉक्स मात्र साहेब काळ्या-पांढऱ्याच काढतात. रंगीत प्रिंट परवडत नाही. ती फक्त बोर्डासाठी.

एकदा पिठल्यावर मी त्यांना गॅब्रिएल ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंचं संशोधन सांगितलं. सगळं मनासारखं झालंय अशी चित्रं माणूस फार रंगवायला लागला, की त्याचा उत्साह वाढण्याऐवजी उतरतो, असं २०११ मध्ये त्यांनी आणि हेदर कॅपिस यांनी प्रयोग करून दाखवलं. मनाला वाटतं, मिळालंच की, आता कशाला धावायचं. त्यावर बाईंचा उपाय असा, की इच्छेबरोबर आपल्या आतला अडथळाही डोळ्यांसमोर आणायचा आणि त्याची तोड आधीच ठरवून ठेवायची. साहेबांनी घास हातात धरून सगळं ऐकलं. माणूस मुळात हुशार आहे, पटकन पटतं. पुढच्या रविवारी बोर्डावर दोन नवे कोपरे झाले होते. एकात ‘अडथळे’ या मथळ्याखाली मोबाइलचा ग्लॉसी पेपरवरचा फोटो, मोबाइलनंच काढलेला. दुसऱ्यात ‘योजना’: पहाटे पाचपासूनचं वेळापत्रक, चार रंगांत, पट्टीनं आखलेलं. आखता आखता रात्रीचे तीन वाजले, त्यामुळे पहाटे पाचला उठणं त्या दिवशी जमलं नाही. नंतरही जमलं नाही, पण त्याला कारणं वेगळी.

२७ जुलै २०२४ ला इथल्या एका कोचिंगच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी गेले. तेव्हापासून आईचा रोज फोन असतो. अभ्यास झाला का, हे ती विचारत नाही. ‘कितव्या मजल्यावर आहेस,’ एवढंच. ‘तिसऱ्या,’ साहेब सांगतात. खाली चहाला आले असले तरी तिसऱ्याच.

हल्ली साहेबांचा बोर्ड गल्लीत प्रसिद्ध झालाय. महाराष्ट्रातून नवी बॅच उतरली, की कुणीतरी पोरांना दाखवायला घेऊन येतं. साहेब समजावूनही छान सांगतात: ध्येय डोळ्यांपुढं कसं स्वच्छ हवं, फाटकाचा रंगसुद्धा माहीत पाहिजे. मागच्या खेपेला मी तिथं होतो. परभणीची दोन पोरं पायातले बूट दाराबाहेर काढून आत आली, एकानं वहीसुद्धा काढली. साहेबांनी मसुरीपासून म्हशीपर्यंत सगळं दाखवलं. पोरं भारावली. मग वहीवाल्यानं अगदी अदबीनं विचारलं, ‘सर, तुमचा ऑप्शनल कोणता?’

साहेबांनी बोर्डाकडे पाहिलं. डावीकडून उजवीकडे पाहिलं, खाली वाकून नकाशाच्या मागं पाहिलं, ‘योग्य वेळी’च्या चौकटीवरही नजर गेली. भूगोल सोडून समाजशास्त्र घेतलं होतं, ते सोडून मराठी वाङ्मय. त्यानंतरचं मलाही आठवेना.

‘ते ना,’ साहेब म्हणाले, ‘प्रिलिम्स झाली की फायनल करू. तू आधी बोर्ड घे. करोल बागेत मिळतो. हिरवाच घे, निळ्यावर फाटक उठून दिसत नाही.’

पोरानं लिहून घेतलं.