सिगारेट सोडताय? आधी अर्ज करा

सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलने ११ जानेवारी १९६४ रोजी जाहीर केलं. वार मुद्दाम शनिवारचा निवडला. शेअर बाजार बंद होता ना! ओढणाऱ्याच्या छातीपेक्षा बाजाराची छाती नाजूक. पुढे तीस वर्षांनी सात तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी संसदेच्या उपसमितीपुढे शपथेवर सांगितलं, निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. नफ्याचं लागत असावं.

१९९८ साली ४६ राज्यांनी कंपन्यांना धरलं. आजाऱ्यांवरच्या खर्चापोटी २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर द्या, असा करार झाला. गोम एवढीच, की हप्त्याची रक्कम सिगारेटच्या खपावर हलते. त्यात न्यू जर्सी, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी पुढच्या हप्त्यांवर रोखे काढून पैसे आधीच उचलले. लोक सिगारेट सोडू लागले की रोखेवाल्यांना धाप लागते.

तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या भावजींनो, नव्या वर्षाचा संकल्प करण्याआधी राज्याच्या राजधानीला, ट्रेंटनला, रीतसर अर्ज करा. आरोग्य खातं पाठ थोपटेल. अर्थ खातं मात्र विचारेल, ‘निदान जूनअखेरपर्यंत थांबता येईल का?’