शेतात पिकले पाहुणे

मायोर्का बेटावरच्या शेतकऱ्यांचं अभिनंदन. ऑलिव्ह, बदाम आणि मेंढ्यांमागे पिढ्यान्‌पिढ्या राबून जे जमलं नाही, ते अखेर जमलं. शेतात पाहुणे पिकू लागले. खेचर जिथे दगडी जातं फिरवून तेल गाळायचं, त्या ‘ताफोना’त आता वाइनचे पेले फिरतात. गोठ्याचा ‘स्वीट’ झाला. गव्हाण जपली आहे, तिच्यात टॉवेल ठेवतात. गड्यांची न्याहारी, म्हणजे पावावर टोमॅटो चोळून ओतलेलं तेल, आता मेन्यूकार्डावर आहे. त्रामुन्ताना डोंगरातल्या गडग्यांच्या उतरंडीला युनेस्कोने २०११ साली जागतिक वारसा ठरवलं. पोहण्याच्या तलावातून तो वारसा विशेष खुलतो.

दोनच नम्र सूचना. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा साडेनऊनंतरच वाजाव्यात. आणि नाश्त्याच्या वेळी कुदळ खांद्यावर टाकून एक शेतकरी समोरून दोनदा जावा, तासाच्या बोलीवर.

माणूस शोधायला नको. नाश्ता वाढणारा पोरगा इथलाच; त्याचा आजा याच गोठ्यात राबला. गावात घरभाडं परवडत नाही, म्हणून तो रात्री बांधावर गाडी लावून तिच्यातच झोपतो. चांदणं, रातकिडे, निरव शांतता. आणि पाहुण्यांसारखा एक युरोही मोजावा लागत नाही.