नवशिक्यांसाठी एसएमपीएस-खरेदी: सहा खात्रीशीर पायऱ्या

गेमिंग कॉम्प्युटर स्वतः जुळवायचं ठरवलंत, अभिनंदन! पुढच्या पायऱ्या क्रमाने पाळल्यात तर पॉवर सप्लायचा, म्हणजे दुकानातल्या भाषेत एसएमपीएसचा, फार विचार करावा लागणार नाही. नंतर करावा लागेल, पण तेव्हा वेळच वेळ असेल. कॉम्प्युटर बंदच असणार आहे.

पायरी १: बजेट आखा. आधी ग्राफिक्स कार्ड घ्या. मग प्रोसेसर, मग काचेच्या बाजूचं कॅबिनेट, मग त्यात लुकलुकणारे पंखे. पंख्यांचे रंग एकमेकांशी जुळले की उरल्या पैशांत एसएमपीएस बसवा. काहीच उरलं नसेल तर तो कॅबिनेटसोबत फुकट मिळतो का ते बघा. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या एसीचं १२ व्होल्ट डीसी करून सगळ्यांना वाटायचं, एवढंच तर त्याचं काम. जाताना तो ग्राफिक्स कार्डालाही सोबत नेऊ शकतो, पण असल्या अशुभ गोष्टी खरेदीच्या वेळी बोलू नयेत.

पायरी २: मोठा आकडा वाचा. खोक्यावर ठळक '४५० वॅट' छापलेलं असतं, तेवढं पुरे. अंगावरच्या लेबलवर बारीक अक्षरांचा एक तक्ता असतो. तिकडे चुकूनही बघू नका. बघितलात तर १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर दिसतील, तुम्ही बारा चोक अठ्ठेचाळीसच्या वळणाने गुणाकार कराल आणि उत्तर येईल १६८ वॅट. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरच घेतात, हेही मग आठवेल आणि दिवस वाया जाईल. धड ७५० वॅटच्या एसएमपीएसवर त्या रकान्यात ६२ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. पण त्याच्या खोक्यावर ज्वाळांचं चित्र नसतं.

पायरी ३: नाहीतर थेट १२०० वॅट घ्या. पायरी २ ने घाबरलेल्यांसाठी ही सोय आहे. तुमचं आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट घेतं, रायझन ५ ७६०० जास्तीत जास्त ८८. बाकीचं सामान धरून बेरीज अडीचशेच्या आसपास जाते. कार्डाची कंपनी स्वतःच ५५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा मानते. पण 'मोठाच घे, पुढे कामाला येईल' असं सांगणारा मित्र प्रत्येकाला असतो आणि पैसे त्याचे नसतात. मोठी कार्डं क्षणभर ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात, म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसण्याची अट आली. हे मानक पाळणारा मध्यम आकाराचा एसएमपीएस शोधणं कंटाळवाणं असतं, म्हणून तेही सोडा.

पायरी ४: सोनं बघून भुला. '८० प्लस गोल्ड' हा शिक्का दिसला की डोळे मिटून पैसे मोजा. २००४ पासूनची ही योजना भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामी आली आणि किती उष्णतेत गेली, एवढंच सांगते. व्होल्टेज वाढलं, शॉर्ट झालं किंवा भार जास्त झाला तर एसएमपीएस वेळेवर बंद पडेल का, याबद्दल ती काही बोलत नाही. ते कळायला मॉडेलचं नाव शोधून, तो उघडून आणि पूर्ण भार देऊन केलेली परीक्षणं वाचावी लागतात. एकाच कंपनीचं एक मॉडेल उत्तम आणि दुसरं सुमार असू शकतं. वाचत कोण बसणार?

पायरी ५: दुकानातच तपासा. विक्रेता चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार यू-पिनने काळ्या तारेला जोडून दाखवेल. पंखा फिरेल. 'चालतोय ना, साहेब?' तुम्ही मान डोलवा. पंखा फिरवायला फार तर काही वॅट लागतात आणि तुम्हाला त्यातून काही शेकडा काढायचे आहेत, हा मुद्दा काढून चांगल्या माणसाला अवघडवू नका. पाच, सात, दहा वर्षांच्या वॉरंटीचंही विचारू नका.

पायरी ६: जोडणी. सुट्या केबलींचा एसएमपीएस असेल तर जुन्या एसएमपीएसच्या केबली वापरून काटकसर करा. एसएमपीएसकडच्या टोकाची पिन-रचना कुठल्याही मानकाने ठरलेली नाही, त्यामुळे ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन एसएसडीचा निकाल लागू शकतो. डेटा आवरण्याचं काम तेवढंच वाचलं. शेवटी प्लगची अर्थिंगची जाड पिन तोडून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये खुपसा. कॅबिनेटला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या आल्या की वीज पोहोचल्याची खात्री पटते.

शंकासमाधान

*हे सगळं उलट केलं तर?* तर पैसे थोडे जास्त जातील, गेम मुकाट्याने चालतील आणि मित्रांना सांगायला किस्सा उरणार नाही.

*बंद पडलेला एसएमपीएस उघडून आत बघू का?* नाही. इथे थट्टा संपली. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब शिल्लक असू शकतो. स्क्रू तसेच राहू द्या आणि वॉरंटीचा कागद शोधा.