पुढंमांगं लागलं त?

वरवट बकालात एखाद्या स्लॅबवर गंजक्या सळया आभाळाकडं तोंड करून उभ्या दिसल्या, की समजावं, खाली 'पुढंमांगं' राहतो. वरचा मजला पोराच्या लग्नात चढणार होता. आता नातवाची मुंज आली, सळयांना दोरी बांधून लुगडी वाळतात.

अशाच घरातला एक पोरगा पुण्याहून कॉम्प्युटर शिकून परतला. खताच्या दुकानवाल्या काकांचं मागणं एवढंच: कोणाकडं किती उधारी, गोदामात किती गोण्या. कापूस विकला की शेतकरी पैसे आणून देतो, तेवढं खोडायचं.

"काका, उद्या शंभर शाखा झाल्या त?"

काकांची एकच शाखा, तीही भाड्याची.

पेरण्या झाल्या, कपाशीला पहिलं खत पडलं, प्रोग्रामचा पायाच भरणं चालू. भाषा अकरा, चलनं पाच. युरिया डॉलरात कोण नेतो, विचारलं तर तेच, "पुढंमांगं लागलं त?" जास्त टोकलं की हत्यार काढायचा: जुन्या लोकांनी सालाचे दोनच आकडे ठेवले, मग 2000 साल येताना जगभर धावपळ झाली की नाही? झाली होती, त्यामुळं आपण गप्प. वास्तविक त्याच सुमारास अमेरिकेत केंट बेक आणि मंडळी 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग'मध्ये उलटं सांगत होती, की आज लागतं तेवढंच लिहा, बाकीचं लागणार नाही असंच धरून चाला. पोरानं हे वाचलं होतं. तो नियम चालू-बंद करायचं बटणही ठेवलं होतं.

मग 2018 उजाडलं आणि सरकारनं युरियाची गोणी पन्नास किलोची पंचेचाळीस केली.

पावतीचा रंगसुद्धा बदलता येत होता. गोणीचं वजन तेवढं प्रोग्रामच्या पोटात कोरलेलं. पन्नास म्हणजे पन्नास, ते कायले बदलते? शंभर गोण्यांचे साडेचार टन व्हायला हवे, पडद्यावर पाच.

"माहा अर्धा टन युरिया कोठी गेला बापा?"

पोरगा ओशाळला नाही. उलट डोळे चमकले. "थांबा काका, आता एक ग्रॅमपासून हजार टनापर्यंत कोणतीही गोणी चालीन असं करतो. दोन महिने द्या."

काकांनी गल्ल्याखालून लाल वही ओढली, पन्नासावर काट मारून वर पंचेचाळीस लिहिलं, आणि पेन कानावर ठेवून गिऱ्हाइकाला विचारलं, "किती देऊ?"