फॉरमॅट मारायचा नाही!

तुमचा कॉम्प्युटर सुरू होत नाही हे ऐकून ज्याचा चेहरा खुलतो, तो लिनक्सवाला समजावा. बाकीचे लोक 'अरेरे' म्हणतात आणि चौकातल्या दुकानाचा नंबर देतात. हा विचारतो, "स्क्रीनवर काय आलंय? सगळं नको, फक्त शेवटची ओळ वाचा." आणि ती ओळ जितकी भयंकर, तितका त्याचा आवाज मऊ होत जातो.

पुण्यातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असे एक गृहस्थ राहतात. त्यांनी आजवर बऱ्याच बिऱ्हाडांना विंडोजच्या दास्यातून सोडवलं असल्यामुळे सगळे त्यांना मुक्तिदाते म्हणतात. तोंडावरही म्हणतात, आणि त्यांना त्यात थट्टा दिसत नाही. वय पन्नाशीचं, नोकरी हिंजवडीला. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर विंडोज आहे, पण तो विषय त्यांच्या घरात कुणी काढत नाही. ॲक्टिव्हाच्या किल्लीला त्यांनी पेनड्राइव्ह अडकवलाय. त्यात उबुंटू, डेबियन, मिंट, फेडोरा असा लिनक्सचा सगळा गोतावळा असतो, आणि लग्नामुंजीलाही तो बरोबर असतो, न जाणो कुणाचं काही अडलं तर! बाल्कनीत कबुतरं येऊ नयेत म्हणून त्यांनी सीड्या टांगल्या आहेत. त्या साध्यासुध्या नव्हेत. उबुंटूवाले २०११पर्यंत मागेल त्याला जगात कुठेही फुकट सीडी टपालाने पाठवायचे. ह्यांनी इतक्या मागवल्या की पोस्टमनने एकदा "साहेब, धंदा काय आपला?" असं विचारलं होतं. वाटून उरलेल्या आता कबुतरांना दाखवतात. कबुतरंही दाद देत नाहीत.

त्यांच्या स्वतःच्या मशिनवर सध्या कोणतं लिनक्स आहे, हे त्यांच्या बायकोलाही सांगता येणार नाही. एखादं नीट चालायला लागलं, आवाज येतोय, प्रिंटर छापतोय, असं झालं की त्यांना करमेनासं होतं. मग दुसरं टाकतात. वर्षातला त्यांचा मोठा दिवस २५ ऑगस्ट. १९९१ साली ह्या दिवशी हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, असं जाहीर केलं होतं. हा दिवस बहुतेक गणपतीच्या आगेमागे येतो ते बरं; मोदकांची वेगळी खटपट करावी लागत नाही.

आमच्या सोसायटीच्या खजिनदारांना त्यांनी टाळेबंदीच्या काळात मुक्त केलं. २०२०च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ वाऱ्यावर सोडलं होतं, आणि एप्रिलमध्ये उबुंटू २०.०४ आलं. जिन्यात, तोंडाला मास्क लावून, त्यांनी ते लॅपटॉपवर चढवलं आणि शब्द दिला, "काका, आता पाच वर्षं डोक्याला ताप नाही." शब्द अक्षरशः खरा ठरला. २०२५च्या मे महिन्यात पाच वर्षं भरली, आणि सप्टेंबरात ताप आला.

सप्टेंबर हा सोसायट्यांचा परीक्षेचा महिना. ३० तारखेच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. आमची सभा दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि सगळा हिशेब त्या लॅपटॉपवर. खजिनदार संध्याकाळी ताळेबंदावरून शेवटची नजर फिरवायला बसले, तर समोर चौकट: नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांनी कुठल्याही कागदाला पहिल्या झटक्यात हो म्हटलं नव्हतं. ते नेमकं इथे म्हटलं. तासाभराने पाऊस आला आणि त्याच्या पाठोपाठ वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच वारलेली, त्यामुळे तोही गेला. वीज आली तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींचा खच पडला होता, आणि शेवटच्या ओळीत कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यानेच हाय खाल्लेली.

चौकातल्या दुकानातल्या पोराने फोनवरच निदान केलं. "काका, फॉरमॅट मारून देतो. पाचशे रुपये. विंडोज टाकतो, ऑफिस टाकतो, अँटीव्हायरस टाकतो. डेटा? डेटा जाणार."

हा 'फॉरमॅट' जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत कसा पोचला कोण जाणे, पण पाचव्या मिनिटाला मुक्तिदाते दारात हजर. "फॉरमॅट मारायचा नाही! फॉरमॅट मारल्यावर कळणार कसं, की घोडं नेमकं कुठं पेंड खात होतं?" खजिनदारांना घोड्याशी कर्तव्य नव्हतं, त्यांना ताळेबंद हवा होता. पण रात्रीचे आठ वाजले होते, आणि हे फुकट करणार होते.

"काय केलं होतंत?" मुक्तिदाते बसता बसता म्हणाले.

"मी काहीच केलं नाही," खजिनदार म्हणाले. सगळे हेच म्हणतात.

मुक्तिदात्यांनी लॅपटॉप सुरू करून नेमक्या क्षणी शिफ्ट दाबून धरलं. कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणारी ग्रबची यादी आली. त्यातला जुना कर्नल निवडला. माझ्यासारख्याने एवढंच केलं असतं, आणि पुष्कळदा एवढ्याने भागतंही. अपग्रेडमध्ये नवा कर्नल आला तरी जुना तिथेच ठेवलेला असतो, तो अशाच दिवसासाठी. पण इथे अर्धी लायब्ररी नवी, अर्धी जुनी झालेली, त्यामुळे जुना कर्नल थोडा पुढे गेला आणि तोही अडकला. मुक्तिदात्यांनी हात चोळले. ॲक्टिव्हाची किल्ली निघाली.

"झालंय काय," त्यांनी खजिनदारांच्या बायकोला, काकूंना, समजावलं, "नव्या कर्नलला डिस्क उघडायला जी अवजारं लागतात, ती इनिट्रॅमएफएस नावाच्या गाठोड्यात बांधून देतात. गाठोडं बांधायच्या आत वीज गेली. आता अवजारं डिस्कच्या आत आणि हा बाहेर. किल्ली घरात राहून लॅच लागावं, तसं."

"मग चावीवाल्याला बोलवा की," काकू म्हणाल्या.

"मीच तो."

पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू झालं. मुक्तिदात्यांनी डिस्क उघडली तर सगळे फोल्डर जागच्या जागी होते आणि त्यात 'हिशेब २४-२५ फायनल फायनल २' ही फाइलही होती. "हीच! हीच!" खजिनदार जवळजवळ ओरडले. मुक्तिदात्यांनी ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन दिली, पण वाटेत आलेलं मांजर बाजूला करावं इतक्याच आस्थेने. "तुमचा डेटा कुठे जात नाही हो. प्रश्न तो नाहीच."

माझ्या मते प्रश्न तोच होता, आणि तो सुटलाही होता. साडेआठ वाजले होते. फाइल माझ्याकडे उघडता आली असती, छापता आली असती, सगळ्यांना जेवून झोपता आलं असतं. मी तसं सुचवलंही. मुक्तिदात्यांनी माझ्याकडे बघितलं ते 'ह्याला आत कुणी घेतलं' अशा नजरेने.

मग खरा कार्यक्रम सुरू झाला. पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधून डिस्कवरच्या आजारी लिनक्समध्ये शिरायचं, ह्याला ते सीएचरूट म्हणतात. आधी डिस्क एका जागी माउंट करायची, मग डेव्ह, प्रॉक आणि सिस ह्या तिघांना तिथे नेऊन जोडायचं, आणि मग आत. प्रत्येक आज्ञा ते मोठ्याने म्हणत, आम्हाला पाठ व्हावी म्हणून. वायफाय सापडेना, तेव्हा मोबाइल वायरीने जोडला. "हाही लिनक्सच," मोबाइलकडे बोट दाखवून ते म्हणाले. नोंदवहीची एक फाइल उघडून त्यांनी खजिनदारांना अपग्रेड तुटल्याची वेळ दाखवली: ६ वाजून ४२ मिनिटं. "मी काहीच केलं नाही"ला ते उत्तर होतं. खजिनदार मान खाली घालून चहा ढवळत राहिले. साखर नसलेला चहा होता.

"डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए," म्हणत त्यांनी एंटर मारलं. अर्धवट राहिलेली पॅकेजं एकेक करून बसू लागली. मधेच यंत्राने विचारलं, ही सेटिंगची फाइल जुनी ठेवू की नवी घेऊ? इथे माणूस डोळे मिटून एंटर दाबतो. मुक्तिदात्यांनी डी दाबलं. डी म्हणजे दोन्हींत फरक काय तो दाखव. फरक आला, दोन पडदे भरून. चष्मा कपाळावर सरकवून ते तो वाचू लागले, ओळ न ओळ, मधून मधून "अच्छा" म्हणत. असे प्रश्न नंतर आणखी आले. दर वेळी डी.

खजिनदार घड्याळाकडे बघायला लागले, तसा त्यांना धीर देण्यात आला. "काका, जगातले पहिले ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात. २०१७पासून त्याला एकही अपवाद नाही. आपल्या सी-डॅकचा परम सिद्धीसुद्धा!"

"त्यांची उद्या सभा असते का?" काकूंनी विचारलं.

रात्री एकच्या सुमाराला इनिट्रॅमएफएसचं गाठोडं बांधून झालं, ग्रबला नवी यादी मिळाली, पेनड्राइव्ह निघाला आणि लॅपटॉप स्वतःच्या पायावर उठला. जांभळ्या रंगावर एक जेलीफिश तरंगत आला. काकूंनी हे काय म्हणून विचारलं तेव्हा मुक्तिदात्यांनी, २२.०४चं टोपणनावच ते आहे, असं सांगितलं. खजिनदारांनी ताळेबंद उघडला, छापायला दिला, आणि प्रिंटरने मुकाट्याने छापला. मुक्तिदाते जरा उदास झाले. खुर्चीत नुसते बसून राहिले. मग एकदम सावरले.

"पण काका, ह्याचा पाठिंबा २०२७पर्यंतच आहे. आता बसलोच आहोत, तर लगेच २४.०४ करून टाकू. सुरू करतो." त्यांचा हात कीबोर्डवर गेलाही.

खजिनदारांनी चाळीस वर्षांत केली नसेल अशी चपळाई केली. त्यांनी भिंतीतलं बटणच बंद केलं. बॅटरी नसलेला लॅपटॉप जागच्या जागी गेला. क्षणभर कुणी बोलेना. मुक्तिदात्यांचा चेहरा मात्र उजळून निघाला. "असं मधेच बंद केलंत? आता बघा हं," म्हणत त्यांनी बाही सावरली, बटण लावलं, लॅपटॉप सुरू केला आणि पुढे वाकून बसले.

जेलीफिश आला.

"डिस्क तपासायला एफएससीकेसुद्धा नाही केलं," ते म्हणाले, आणि चपला शोधू लागले.