डॉलर, टक्का, उलटा कंस

(रंगमंचावर पांढरा पडदा. नट पडद्याकडे तोंड, प्रेक्षकांकडे पाठ करून उभा.)

आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा. विषय, पाणी हेच जीवन. वक्त्याने अख्खं भाषण स्लाइडवर चिकटवून आणलंय. पहिल्या स्लाइडवर ‘नमस्कार’. तो पडद्याकडे वळून वाचतो, ‘नमस्कार!’ परीक्षकांना नमस्कार घडतो तो पाठीचा.

दुसऱ्या स्लाइडला घात होतो. घरच्या संगणकातला मराठी फॉन्ट सभागृहातल्या संगणकात नाही! ‘पाणी हेच जीवन’चं झालंय (नट गंभीरपणे) डॉलर, टक्का, मोठा क्यू, उलटा कंस. पोराचं पाठांतर शून्य. ते हेही वाचून टाकतं, आवाजात चढउतार देऊन, ‘उलटा कंस’वर तर मूठ आवळून. युनिकोडमध्ये टाइप केलं असतं, निदान पीडीएफ करून आणली असती, तर अब्रू वाचली असती.

प्रोजेक्टरवाले मामा उठतात. (तोंडात पान) “व्हायरस हाय सायेब. केबल हलवून बघतो.”

पुढची मुलगी गांडूळखतावर बोलते. पहिल्याच वाक्याला डबा पहिल्या रांगेत देते, ‘बघून मागं पाठवा.’ भाषण संपतं तेव्हा डबा चौथ्या रांगेत, आणि सगळ्यांच्या मानाही तिकडेच. मामा: “गांडुळं मोजून दिलीवती का?” बक्षीस मात्र तिलाच. एसटीतून मांडीवर थर्मोकोलचं धरण आणणाऱ्याने त्या परीक्षकांना आजतागायत माफ केलेलं नाही.

(प्रकाश मंद. नटाच्या हातात ग्लास.)

भाषणात वस्तू दाखवावी तर कशी? २८ जानेवारी १९८६. नासाचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशातच तुटलं, सात अंतराळवीर गेले. ११ फेब्रुवारीला चौकशी आयोगाच्या बैठकीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी काय दाखवलं? हार्डवेअरच्या दुकानातला क्लॅम्प, त्यात आवळलेला रॉकेटच्या सांध्यातल्या रबराचा तुकडा आणि बर्फाच्या पाण्याचा ग्लास. तुकडा बुडवला, काढला, क्लॅम्प सोडला. गारठलेलं रबर लगेच मूळ आकारात येईना. उड्डाणाची सकाळही अशीच गारठलेली होती.

त्याच नासात २००३ साली, कोलंबिया यान अजून अंतराळात असताना, त्याच्या पंखावर आदळलेल्या फोमचं विश्लेषण स्लाइडवर मांडलं गेलं. मथळा धीर देणारा, धोक्याची गोष्ट तळाला बारीक अक्षरांत. परतताना यान तुटलं. पुन्हा सात. चौकशी अहवालाने त्या स्लाइडवरही बोट ठेवलं.

(शांतता. एकदम लख्ख प्रकाश.)

मामा: “ते समदं खरं. पन बरफ कुनी मागिवला? व्हाउचरवर सही लागंल.”