हुंकारशास्त्री

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, मॅडिसन इमारतीतल्या हस्तलिखित विभागात हा प्राणी हमखास सापडतो. पेन बाहेर ठेवा, आत फक्त पेन्सिल, एका वेळी एकच फोल्डर. इतरांना हे नियम जाचतात; यांना सोवळ्याइतके प्रिय. पुढ्यात खोका कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांच्या कागदपत्रांचा. मनाने गांजलेल्याला उपदेश पाजू नका, त्याचं ऐका, असं सांगणारे हे मानसशास्त्रज्ञ. शास्त्रीबुवांना मात्र रॉजर्स काय बोलले याच्याशी कर्तव्य नाही. ते 'हुं' कसं म्हणाले, एवढाच त्यांचा विषय.

नुसतं हसून सोडून द्यावं असाही हा विषय नाही. उपचाराच्या खोलीत काय घडतं, याबाबत एके काळी डॉक्टर सांगेल ते खरं मानावं लागे. १९४० नंतर ओहायो स्टेट विद्यापीठात रॉजर्सनी या मुलाखती चक्क तबकड्यांवर मुद्रित केल्या. दर तीन मिनिटांनी तबकडी बदलायची! १९४२च्या पुस्तकात 'हर्बर्ट ब्रायन' हे टोपणनाव दिलेल्या गृहस्थाच्या आठही मुलाखती छापल्या, हुंकारांसकट. शास्त्रीबुवांना ते सगळे पाठ. हा मायेचा, हा 'पुढे बोला'चा, आणि हा नुसताच खाकरल्याचा, असा त्यांचा दावा.

सांता बार्बराच्या विद्यापीठातही मानवतावादी मानसशास्त्राचा मोठा संग्रह आहे. तिथे दुसरे हुंकारशास्त्री बसतात. दोघांत बोलणं नाही.

घरी बायको म्हणाली, "नळ गळतोय."

"नळ गळतोय याचा तुला त्रास होतोय."

"होतोय ना!"

"हुं."

प्लंबर शेवटी तिनेच बोलावला. त्याने नळाला हात लावण्याआधी शास्त्रीबुवांना आपल्या घटस्फोटाची साद्यंत हकीकत सांगितली, पोटभर रडला, आणि बिल लावलं ते रडण्याच्या वेळेसकट.

एरवी कुणी काहीही बोलो, शास्त्रीबुवांचा रॉजर्सछाप 'बिनशर्त स्वीकार' तयार असतो. परवा एका विद्यार्थिनीने ट्रुॲक्सचं नाव काढलं. या ट्रुॲक्सने १९६६ साली रॉजर्सच्याच एका केसच्या ध्वनिफिती तपासून दाखवून दिलं होतं, की त्यांचा जिव्हाळा सगळ्या बोलण्याला सारखा मिळत नसे. काही गोष्टींना जास्त मिळे आणि रुग्ण नकळत तिकडे वळे.

हुंकार आला नाही. पेन्सिलीचं टोक मोडलं.

"एकच केस तपासली त्याने, एकच!" शास्त्रीबुवा त्या शांत वाचनकक्षात कडाडले. "तू प्रबंधाचा विषय बदल."

त्यांनी कुणाला दिलेला हा पहिलाच सल्ला.